परसातील घरटी : काय पाहावे, कसे पाहावे



ज्या माणसाची तीस वर्षे कामगार संघटनेत गेली त्याने व्याख्यानमालेत पगार, बोनस किंवा किमान वेतन यांवर बोलावे, अशी अपेक्षा असते. त्याऐवजी आम्ही पक्ष्यांच्या घरट्यांचा विषय घेतला याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या दृष्टीने हा विषय चळवळीच्या बाहेरचा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली आणि १८९० साली कामगाराला रविवारची सुटी मिळाली. ती सुटी कशी घालवावी हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते आणि लिहिले जाऊही नये. पण मिळालेल्या वेळात माणसाने डोळे उघडे ठेवून सभोवतालचे जग समजून घ्यावे, एवढे म्हणण्याचा अधिकार संघटनेच्या माणसाला आहे असे आम्ही समजतो.

दुसरे कारण असे की, पक्षिनिरीक्षण हा दुर्बीण आणि मोटार बाळगणाऱ्यांचा छंद आहे असा समज रूढ आहे. घरट्यांच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. चाळीच्या मागचा जास्वंदीचा ताटवा, विहिरीकाठची बाभूळ, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ किंवा गॅलरीतली एखादी कुंडी, एवढे भांडवल पुरते. एक वही, एक पेन्सिल आणि धीर असला की झाले.

घरटे म्हणजे घर नव्हे

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करू. 'घरटे' या शब्दात 'घर' आहे म्हणून पक्षी त्यात राहतो, दिवसभर हिंडून रात्री त्यात निजायला येतो, अशी आपली समजूत होते. बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत ती खरी नाही. घरटे हा पाळणा आहे. अंडी घालणे, ती उबवणे आणि पिल्ले मोठी करणे, एवढ्यापुरतीच त्याची गरज. पिल्ले उडाली की बुलबुलाची वाटी ओस पडते. चिमणीसारखे काही पक्षी एकाच जागी पुनःपुन्हा वीण करतात, भोकात निवाराही शोधतात. पण सर्वसाधारण नियम पाळण्याचाच.

पाळणा कधी बांधायचा हे पिल्लांच्या अन्नावरून ठरते. आपल्याकडे बुलबुल, दयाळ, शिंजीर यांची वीण मुख्यतः फाल्गुनापासून पावसाच्या तोंडापर्यंत दिसते. कावळा चैत्र-वैशाखात काड्या गोळा करू लागतो. शिंपी आणि सुगरण यांची गडबड पावसाळ्यात अधिक, कारण तेव्हा पानोळा दाट असतो, गवताला लांब पाती आलेली असतात आणि अळ्या-किड्यांची चंगळ असते. दाणे खाणारे पक्षीसुद्धा आपल्या लहान पिल्लांना बहुतांशी किडे भरवतात. वाढत्या अंगाला प्रथिने लागतात आणि ती कोरड्या दाण्यातून पुरेशी मिळत नाहीत. चीनमध्ये १९५८ साली धान्य खाणारी म्हणून चिमण्यांविरुद्ध मोहीम निघाली आणि चिमण्या मारल्या गेल्या. पिकांवरील किडींना मोकळे रान मिळाले, तेव्हा १९६० साली चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढून तेथे ढेकणाचे घालावे लागले. चिमणी काय खाते हे सर्वांना दिसत होते. तिच्या घरट्यात काय भरवले जाते याचा विचार कोणी केला नव्हता.

कामाची वाटणी

आम्हांला घरट्याकडे पाहताना पहिला प्रश्न सुचतो तो आमच्या धंद्याला साजेसा : काम कोण करतो? या एकाच प्रश्नाच्या मागे लागले तर परसातले निम्मे शास्त्र हाती येते.

शिंपी घ्या. हिरवट पाठीचा, तांबूस डोक्याचा, शेपटी उभारून नाचणारा हा इवलासा पक्षी. आवाज मात्र अंगाच्या मानाने फार मोठा. नाव पुरुषाचे, पण शिवणकाम मादी करते. एखादे रुंद पान किंवा जवळजवळची दोन पाने ती निवडते, चोचीने कडांना भोके पाडते, त्यांतून कापसाचा, कोळ्याच्या जाळ्याचा किंवा वनस्पतीचा तंतू ओवते आणि पानाचा द्रोण करते. आत कापूस आणि मऊ तंतूंची गादी घालते. नीट पाहिले तर दिसेल की, हा आपल्यासारखा सलग दोरा नव्हे. बहुतेक टाके सुटे असतात. तंतूचे टोक भोकाबाहेर फुलून राहते आणि त्या बोंडामुळेच टाका धरतो. पत्र्याच्या कामात रिबीट मारतात त्यातला प्रकार. शिवलेले पान देठावर जिवंत असते, हिरवे राहते, म्हणून हातभर अंतरावरूनही घरटे ओळखू येत नाही.

आता सुगरण. नाव बाईचे आणि विणकर मात्र नर! बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे खोपा मराठी घरोघर पोहोचला आणि तो आईने बांधलेला, हेच मनावर ठसले. कवितेला ते शोभते. पण प्रत्यक्षात गवताची, भाताची किंवा नारळाच्या झावळीची पाती चिरून त्यांच्या लांब पट्ट्या आणणारा आणि गाठी मारमारून विणणारा तो पिवळ्या टोपीचा नर असतो.

या पक्ष्याच्या संसाराचा उलगडा आपल्याच कोकणात झाला, आणि तो करणाऱ्या माणसाकडे त्या वेळी नोकरी नव्हती. सालिम अली यांचा जन्म १८९६ चा, मुंबईचा. विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. जर्मनीत पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले तेव्हा त्यांची संग्रहालयातील जागा पैशाअभावी बंद झालेली होती. तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीमला राहू लागले. घराच्या आसपास सुगरणींची वसाहत होती. बेकारीच्या त्या दिवसांत त्यांनी ती पाहिली, रोज पाहिली, आणि जे दिसले ते लिहून ठेवले. नर खोपा अर्धा विणतो, एखाद्या टोपीसारखा, आणि थांबतो. मग माद्या येतात, खोपे तपासतात. एखादीने पसंत केला तरच तो तिच्याशी जोडी जमवतो आणि बाकीचा भाग, ती खाली लोंबणारी नळी, पुरी करतो. ती अंडी घालून उबवायला बसली की हा निघाला दुसरा खोपा बांधायला आणि दुसरी मादी मिळवायला! उबवण्याचे काम तिच्या एकटीचे, आणि पिल्लांना भरवण्याचेही बहुतेक सारे तिचेच. १९३० च्या सुमारास हे निष्कर्ष त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडले आणि या पक्ष्याविषयीची जुनी समजूत बदलली. झाडावर अर्धवट सोडलेले खोपे का दिसतात, याचे उत्तरही त्यातच आहे. ते आळशाचे काम नव्हे. ते नापसंत झालेले काम आहे.

खोप्यात चिखलाचे गोळे चिकटवलेले असतात, हे खरे. त्यांत सुगरण काजवे बसवून उजेड करते, ही मात्र लोककथा आहे. काजव्यांचा दिवा कोणा अभ्यासकाने पाहिलेला नाही. वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून ते वजन असावे, असे मानतात.

जांभळ्या शिंजिराच्या जोडीत नर झगझगीत, मादी साधी. लोंबती पिशवी ती एकटी बांधते : कोळ्याची जाळी, सुके गवत, सालीचे तुकडे, अळीच्या लेंड्या, जे मिळेल ते. दाराशी लहानशी पडवीसुद्धा काढते. बाहेरून पाहणाऱ्याला तो फांदीत अडकलेला कचरा वाटतो आणि तसे वाटण्यातच घरट्याची सुरक्षितता आहे. उबवते तीच, पिल्लांना भरवताना नर हातभार लावतो. चिमण्यांत बांधणे, उबवणे, भरवणे यांत दोघांचाही वाटा असतो. कबुतरांत तर नर आणि मादी दोघेही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार करून पिल्लांना पाजतात.

आणि अजिबात काम न करणाराही एक आहेच. कोकिळा घरटे बांधत नाही. कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. संस्कृतात तिला 'परभृत', म्हणजे दुसऱ्याने पोसलेली, असे नाव आहे. तेव्हा ही गोष्ट आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. काळाभोर, लाल डोळ्यांचा नर ओरडून कावळ्यांना आपल्या मागे लावतो आणि तेवढ्यात ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी आपले काम उरकते. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्यापेक्षा दोन-तीन दिवस आधी फुटते आणि पिल्लू भरवून घेण्यात पुढे राहते. युरोपातील कोकिळेच्या जातीचे पिल्लू यजमानाची अंडी पाठीवर घेऊन बाहेर लोटते, असे देवीची लस शोधणाऱ्या जेन्नर यांनी १७८८ साली लिहिले. आपल्या कोकिळेचे पिल्लू तितके निष्ठुर नाही. पुष्कळदा ते कावळ्याच्या पिल्लांबरोबरच वाढते. वैशाखात गाणारा तो नर, हेही येथे सांगून टाकतो. 'कोकिळेचे गाणे' हा भाषेचा अन्याय आहे.

अंड्यापासून उड्डाणापर्यंत

आता बुलबुलाचे घरटे धरून क्रम पाहू, कारण ते परसात सहज सापडते आणि छातीइतक्या उंचीवर असते. काटक्या, मुळ्या आणि कोळ्याची जाळी यांची ती उथळ वाटी. अंडी दोन किंवा तीन, गुलाबीसर, लाल ठिपक्यांची. मादी रोज एक अंडे घालते, पण पहिल्याच दिवसापासून नेटाने उबवत नाही. लहान पक्ष्यांत उबवणे साधारणपणे अंडी पुरी होत आली की सुरू होते, त्यामुळे पिल्ले जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात. पहिले अंडे घातल्यावर पक्षी दूर दिसला तर घरटे टाकून दिले असे समजण्याची घाई करू नये.

उबवणाऱ्या पक्ष्याच्या पोटावरची पिसे गळून कातडी उघडी होते आणि तेथे रक्ताचा पुरवठा वाढतो. ती उघडी कातडी अंड्याला टेकते. पिसे मध्ये असती तर ऊब पोहोचली नसती. अंडी अधूनमधून फिरवली जातात. असे सुमारे बारा ते चौदा दिवस चालते. मग पिल्लू चोचीच्या टोकावरच्या एका कठीण दाण्याने कवच आतून फोडते. हा दाणा पुढे गळून जातो.

फुटलेली कवचे आईबाप लगेच उचलून दूर टाकतात. हा टापटिपीचा भाग आहे असे वाटते, पण कारण अधिक गंभीर आहे. मूळचे डच शास्त्रज्ञ टिंबर्गेन आणि त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांच्या वसाहतीत प्रयोग केले आणि १९६२ साली दाखवून दिले की, अंड्याशेजारी फुटके कवच ठेवले तर कावळ्यांना ते अंडे अधिक सहज सापडते. कवचाची आतली पांढरी बाजू दुरून चमकते. १९७३ साली टिंबर्गेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्राण्यांचे वर्तन धीराने पाहत राहण्याला मिळालेला तो मान होता.

बुलबुलाचे पिल्लू जन्मतः आंधळे आणि उघडे असते. घरटे हलले की मान ताणून तोंड उघडणे एवढेच त्याला येते. तोंडाचा आतला रंग भडक असतो आणि तो रंग पाहून आईबाप घास टाकतात. विष्ठा पातळ पापुद्र्याच्या पिशवीत बांधलेली बाहेर येते. आईबाप ती चोचीत धरून दूर नेतात किंवा सुरुवातीच्या दिवसांत गिळूनही टाकतात. त्यामुळे घरटे स्वच्छ राहते आणि वासावर येणाऱ्या शत्रूला माग लागत नाही. जेमतेम बारा दिवसांत त्या मांसाच्या गोळ्याला पिसे फुटतात आणि ते वाटीच्या काठावर येऊन बसते. नीट उडता येण्याआधीच ते घरटे सोडते. पुढे काही दिवस आईबाप त्याला झुडपांतून भरवत असतात.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. उष्ण प्रदेशांतील अनेक पाहण्यांत असे आढळले आहे की, उघड्या वाटीसारख्या घरट्यांपैकी निम्म्याहून अधिक घरटी शेवटास जात नाहीत. साप, कावळा, भारद्वाज, मांजर, खार, पाऊस, कोणीतरी ती मोडतो. तुमच्या परसातले घरटे मोडले तर कोणाचे पाप म्हणून शोधू नका. पक्षी बहुधा पुन्हा बांधतो.

पाहण्याची शिस्त

पाहणारा माणूस हाच घरट्यावरचे संकट होऊ नये, हा पहिला नियम. पक्षी ज्या अंतरावर निर्धास्तपणे ये-जा करतो ते आपले अंतर. चोचीत घास घेऊन तो फांदीवर नुसताच ओरडत राहिला, तर आपण फार जवळ आहो असे समजून मागे सरावे. आडवी आलेली पाने तोडू नयेत. तीच घरट्याची सावली आणि आडोसा. रोज घरट्यापर्यंत जाऊन परतू नये, कारण कावळा आपल्यावरही नजर ठेवून असतो. छायाचित्रासाठी दिवा चमकवू नये.

दुसरा नियम वहीचा. तारीख, वेळ, हवा. कोण आला, चोचीत काय होते, किती वेळ थांबला. तासाभरात किती फेऱ्या झाल्या त्याच्या काड्या माराव्यात. पिल्ले लहान असताना आणि मोठी झाल्यावर या काड्या किती बदलतात ते पाहावे. ठाऊक नाही तेथे कोरे ठेवावे. हजेरीपटावर खोटी सही चालत नाही, तशी या वहीतही अंदाजाची नोंद चालत नाही.

अशा वह्यांतून केवढे काम उभे राहते याचे उदाहरण अमेरिकेतील मार्गारेट मोर्स नाइस या बाईंचे. त्यांना विद्यापीठात नोकरी नव्हती. मुलींचे संगोपन आणि घरकाम त्यांच्याकडे होते. ओहायोतील कोलंबस शहरी घराजवळच्या झुडपांत राहणाऱ्या एका चिमणीसारख्या पक्ष्याचा त्यांनी वर्षानुवर्षे मागोवा घेतला. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कडी घालून तो वेगळा ओळखला. १९३७ आणि १९४३ साली त्यांचे दोन खंड निघाले आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यांना मान दिला.

तिसरा नियम हस्तक्षेपाचा. खाली पडलेले पिल्लू उघडे, बिनपिसांचे असेल आणि घरटे हाताला लागत असेल, तर ते उचलून परत ठेवावे. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला टाकतात, ही समजूत निराधार आहे. इतक्या सहज ते पिल्लू सोडत नाहीत. पण पिल्लाला पिसे आलेली असतील, ते उड्या मारत असेल, तर ते अनाथ नव्हे. ते उडायला शिकत आहे. मांजर दूर ठेवावे, फार तर त्याला जवळच्या झुडपात बसवावे आणि आपण निघून जावे. घरी नेऊन दूधभात भरवणे म्हणजे दयेने केलेली हत्या होय. पक्ष्याला दूध पचत नाही.

घरटे आणि करवत

आता मूळ मुद्दा. आपल्या शहरांत झाडांच्या फांद्या केव्हा तोडल्या जातात? पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मे महिन्यांत. नेमक्या त्याच वेळी कावळा, बुलबुल, दयाळ आणि शिंजीर यांची अंडी-पिल्ले झाडावर असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि अंड्यांना वा घरट्यांना धक्का लावणे यांचा समावेश आहे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदाही आहे. कायदे आहेत, पण करवतीच्या वेळी वर पाहण्यास कोणाला सवड नसते.

येथे आम्हांला दोन्ही बाजू दिसतात. वादळात फांदी कोसळून माणूस मरतो, तेव्हा फांद्या तोडूच नका असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. शिवाय झाडावर चढलेला मजूर बहुधा ठेक्यावरचा असतो. दिवसाला इतकी झाडे उरकली पाहिजेत, असे त्याला सांगितलेले असते. घरटे दिसले म्हणून त्याने काम थांबवले, तर मजुरी कोणाची बुडणार? तेव्हा त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. कामाचे वेळापत्रक बदलले पाहिजे. नेहमीची छाटणी मार्गशीर्ष-पौषात करावी. तेव्हा परसातील बहुतेक पक्ष्यांची वीण नसते. उन्हाळ्यात फक्त खरोखरीच धोकादायक फांद्या घ्याव्यात. फांदी तोडण्यापूर्वी ती पाहून घेण्यासाठी लागणारा वेळ मजुरीत धरावा. ही मागणी प्रत्येक गृहनिर्माण संस्थेला आपल्या सभेत ठराव करून मांडता येईल. त्याला खर्च नाही, फक्त पूर्वतयारी हवी.

बाकीच्या गोष्टी आपल्या हातच्या आहेत. परसातला पालापाचोळा सगळाच जाळू नये. दयाळ त्यातलेच किडे टिपतो. कीटकनाशकाची फवारणी विणीच्या दिवसांत टाळावी, कारण किडा मेला की पिल्लाचे ताट गेले. जुन्या घरांत वाशांच्या फटी आणि देवांच्या तसबिरींची मागची बाजू चिमणीला मिळत असे. सिमेंट-काचेच्या भिंतीत ती मिळत नाही. तेथे सुमारे सव्वा इंच व्यासाचे भोक असलेली लाकडी पेटी सावलीत टांगावी.

चिमण्या नाहीशा झाल्या असे सरसकट म्हटले जाते. २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, देशभर पाहता चिमणीची संख्या बरीचशी स्थिर आहे, पण मोठ्या शहरांत ती घटली आहे. हा अहवाल मूठभर अधिकाऱ्यांनी केलेला नव्हता. सुमारे साडेपंधरा हजार पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या एक कोटीहून अधिक नोंदींवर तो उभा होता. त्यांतले बहुतेक लोक तुमच्या-आमच्यासारखे, आपापला उद्योग सांभाळून पाहणारे होते. सामान्य माणसांनी प्रामाणिकपणे केलेल्या बारीकसारीक नोंदी एकत्र आल्या की त्यांपुढे सरकारला आणि शास्त्राला लक्ष द्यावे लागते. संघटनेचे तत्त्व याहून निराळे काय आहे?

वसंत चालू आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरापासून शंभर पावलांच्या आत या क्षणी एखादे तरी घरटे असण्याचा संभव आहे. येत्या रविवारी सकाळी तासभर ते शोधावे, दुरून पाहावे, आणि त्या फांदीवर करवत येण्याआधी संस्थेच्या चिटणीसाला दोन ओळी लिहाव्यात, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.